मत्स्यकन्येचा आवाज : इंग्रजी कुमारवाङ्मयातील एका अद्भुत कथाबीजाचा प्रवास

हान्स ख्रिस्तियन अँडरसन या डॅनिश लेखकाची समुद्रतळची धाकटी राजकन्या १८३७ साली कोपनहेगनमध्ये निघालेल्या एका लहानशा पुस्तिकेतून वाचकांसमोर आली. ‘राजाचे नवे कपडे’ ही त्याची तितकीच प्रसिद्ध कथा त्याच पुस्तिकेत होती. मुलांसाठी सांगितलेल्या कथा असे त्या मालिकेचे नाव असले, तरी या कथेतील दोन वये मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहेत. समुद्रराजाच्या मुलींना पृष्ठभागावर जाण्याची मुभा मिळते ती पंधरावे वर्ष पूर्ण झाल्यावर. आणि धाकटी पहिल्यांदा वर येते त्या रात्री जहाजावर ज्या राजपुत्राचा वाढदिवस चाललेला असतो तो सोळा वर्षांचा होत असतो. म्हणजे ही कथा बालपणाची नाही आणि प्रौढांची तर नाहीच. ती मधल्या उंबरठ्यावरची आहे. एकविसाव्या शतकात इंग्रजीमध्ये ‘यंग ॲडल्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कादंबरीने मत्स्यकन्येचे कथाबीज इतक्या आवडीने उचलले, याचे निम्मे कारण या दोन वयांतच दडलेले आहे.

उरलेले निम्मे कारण मत्स्यकन्येच्या आवाजात आहे. अँडरसनच्या नायिकेला हवा होता तो अमर आत्मा. आवाज ही तिने त्यासाठी मोजलेली किंमत होती. गेल्या पंचवीस वर्षांतील मत्स्यकन्याविषयक कादंबऱ्या एकामागून एक वाचल्या तर असे दिसते की आत्म्याचा प्रश्न त्यांतून जवळजवळ नाहीसा झाला असून किंमत म्हणून गेलेली वस्तूच आता साध्य होऊन बसली आहे. हे स्थित्यंतर कसे घडले, त्यातून या कथाबीजाने काय मिळवले आणि काय गमावले, याचा विचार या प्रकाराकडे निव्वळ बाजारू करमणूक म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकांनी केलेला नाही. त्यातील बरेचसे लेखन बाजारू आहे हे खरेच. पण सगळे नाही.

१

प्रथम प्रकाराविषयी थोडे. बारा ते अठरा या वयाच्या वाचकासाठी स्वतंत्र वाङ्मय असावे ही कल्पना अमेरिकेत ग्रंथालयांच्या कामातून रुजली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने या वयोगटासाठी आपला स्वतंत्र विभाग १९५७ साली स्थापन केला. एस. ई. हिंटन हिची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी १९६७ मध्ये निघाली, तेव्हा लेखिका स्वतःच अठरा वर्षांची होती. या कादंबरीपासून या प्रकाराचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. मराठीत ‘कुमार’ हा शब्द या वयाला जवळचा असला तरी तो नेमका पर्याय नव्हे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कुमारांचा आहे. पण देह, लैंगिकता, हिंसा, घरातील सत्ता हे विषय त्या कुमारविश्वाच्या कुंपणाबाहेर ठेवलेले असतात. इंग्रजीतील हा प्रकार नेमका त्याच विषयांवर उभा आहे. रॉबर्टा सीलिंजर ट्राइट्स यांनी ‘डिस्टर्बिंग द युनिव्हर्स’ (२०००) या ग्रंथात मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो. बालवाङ्मयात मूल स्वतःला आणि आपल्या सामर्थ्याला ओळखते, तर कुमारवयीनांच्या कादंबरीत नायक वा नायिका कुटुंब, शाळा, शासन, धर्म अशा संस्थांच्या सत्तेशी झुंजत आपले स्थान शोधते, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. मत्स्यकन्येच्या कथेत पाण्याखाली एक राज्य, पाण्यावर दुसरे, आणि मधल्या सीमेवर एक मुलगी अशी रचना आधीपासून तयार होती. नव्या कादंबरीला ती शोधावी लागली नाही.

‘अद्भुत’ या संज्ञेबाबतही एक खुलासा हवा. तोदोरोव्हने १९७० साली ज्याला ‘फँटॅस्टिक’ म्हटले, त्यातील वाचकाची दोलायमान अवस्था, म्हणजे घडते ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक याचा निवाडा न होणे, या कादंबऱ्यांत नाही. शेपूट आहे, तिच्याविषयी शंका नाही. प्रश्न फक्त इतकाच की कथा शेपटीच्या जगात घडते, की माणसांच्या जगात शेपूट येऊन धडकते. या दोन रीतींतील फरक पुढे महत्त्वाचा ठरेल.

२

या कथेचे मूळ लोककथेत शोधण्याची सवय असली तरी अँडरसनच्या हाती आलेली परंपरा बरीचशी ग्रंथांतरी होती. होमरने आपल्या सायरेनांच्या शरीराचे वर्णन केलेले नाही. ग्रीक चित्रकला त्यांना पक्षिदेही दाखवते. माशाची शेपूट त्यांना मध्ययुगाच्या आरंभी चिकटली. समुद्रातील स्त्री आणि घातक गाणे यांची जी सांगड आज स्वाभाविक वाटते ती अशी दोन वेगळ्या प्राण्यांच्या मिश्रणातून झाली आहे. दुसरा धागा पॅरासेल्ससचा. सोळाव्या शतकातील या वैद्य-तत्त्वज्ञाने पाण्यात राहणाऱ्या ‘उंडीन’ मानवासारख्याच पण आत्मा नसलेल्या असतात आणि मानवाशी विवाह झाल्यास त्यांना आत्मा लाभतो असे लिहून ठेवले. फ्रीडरिख द ला मोत फूके या जर्मन लेखकाची ‘उंडीने’ (१८११) ही दीर्घकथा याच कल्पनेवर उभी आहे. अँडरसनला ही तोड पसंत नव्हती. एका जिवाचा मोक्ष दुसऱ्या जिवाच्या प्रेमावर अवलंबून ठेवणे त्याला चुकीचे वाटे, आणि आपण फूकेप्रमाणे केलेले नाही असे त्याने १८३७ च्या फेब्रुवारीत एका पत्रात स्पष्ट लिहिलेही आहे.

या एका निर्णयामुळे कथेची सगळी जडणघडण बदलते. सागरकन्या तीनशे वर्षे जगतात आणि मग फेस होऊन विरतात. धाकटीला हे पुरेसे वाटत नाही. तिची ओढ राजपुत्राकडे आहे तशीच, किंबहुना त्याहून अधिक, मरणानंतर उरण्याकडे आहे. चेटकिणीकडे जाण्यापूर्वी ती आजीला विचारते ते प्रेमाविषयी नव्हे, तर माणसे मरतात तेव्हा काय होते याविषयी. पुढचा व्यवहार सर्वश्रुत आहे : जीभ कापली जाते, शेपूट दुभंगून पाय होतात, प्रत्येक पावलागणिक सुरीवरून चालल्याची वेदना होते. पण या वेदनेची पूर्वसूचना कथेत फार आधी येऊन गेलेली असते. पंधरावा वाढदिवस होताच आजी तिच्या शेपटीला आठ मोठे कालव चिमटवते, ते दुखते, आणि मानमरातबासाठी थोडे सोसावेच लागते असे तिला ऐकवले जाते. चेटकीण पुढे जे करते त्याची सुरुवात घरातल्या प्रेमळ आजीनेच केली आहे. हा तपशील बहुतेक रूपांतरांतून गळतो. तो गळला की कथा बाहेरच्या दुष्टाची होते. घरची राहत नाही.

आणखी एक तपशील असाच दुर्लक्षित आहे. राजपुत्र दुसरीशी लग्न करतो, बहिणींनी केस देऊन आणलेली सुरी धाकटी समुद्रात फेकते, स्वतः उडी घेते आणि विरून जाण्याऐवजी ‘वायुकन्या’ होते. त्या क्षणी ती पहिल्यांदा प्रश्न विचारते, आणि तिला आवाज असतो. म्हणजे आवाज तिला परत मिळतो. पण देह उरलेला नसताना. देह असेतो आवाज नाही आणि आवाज आला तेव्हा देह नाही. यानंतर तीनशे वर्षांच्या सत्कृत्यांची, आणि चांगल्या-वाईट मुलांमुळे ती मुदत कमी-जास्त होण्याची जी पुरवणी अँडरसनने जोडली, तिच्यावर ‘मेरी पॉपिन्स’ची लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स हिने मुलांना वेठीला धरणारी म्हणून टीका केली होती, आणि ती रास्त आहे. पुरवणी बाजूला ठेवली तरी देह आणि आवाज यांचे हे एकमेकांना न भेटणे कथेच्या गाभ्याशी आहे.

ऑस्कर वाइल्डने १८९१ मध्ये हाच पट उलटा मांडला. त्याच्या कथेत कोळीच मत्स्यकन्येसाठी आपला आत्मा टाकून देतो. एकोणिसावे शतक संपेपर्यंत, सुलट असो की उलट, प्रश्न आत्म्याचाच होता.

३

तो बदलला १९८९ मध्ये. वॉल्ट डिस्ने कंपनीच्या ‘द लिटल मरमेड’ या चित्रपटात नायिका एरियल सोळा वर्षांची आहे. तिला आत्मा नको आहे. तिला पाण्यावरचे जग हवे आहे. येथे जीभ कापली जात नाही. आवाज एका प्रकाशरेषेच्या रूपाने घशातून निघतो, शिंपल्यात बंद होतो आणि चेटकिणीच्या गळ्यात लटकतो. शिंपला फुटताच तो मूळ मालकिणीकडे परततो. मुलांच्या मनाला धक्का नको म्हणून हे केले असे मानले तरी त्याचा वाङ्मयीन परिणाम फार दूरचा झाला. आवाज ही शरीरातून अलग काढता येणारी, चोरता येणारी, साठवता येणारी आणि परत मिळवता येणारी वस्तू झाली. जी नायिका जीभ देते तिला परतीचा मार्ग नसतो. जी शिंपला देते ती तो परत मागू शकते.

नंतरच्या कादंबऱ्यांचे मूळ अँडरसनमध्ये आहे असे त्यांच्या मलपृष्ठांवर छापलेले असते. प्रत्यक्षात त्यांतील बहुसंख्य या शिंपल्याच्या वारसदार आहेत.

४

सोप्या वाटेने जाणाऱ्या कादंबऱ्यांविषयी थोडक्यात. लिझ केस्लर या ब्रिटिश लेखिकेची ‘द टेल ऑफ एमिली विंडस्नॅप’ (२००३) थोड्या लहान वाचकांसाठी आहे. बारा वर्षांच्या मुलीला शाळेच्या पोहण्याच्या तासाला आपले पाय जुळून येत असल्याचा शोध लागतो, आणि बोटीत राहूनही आईला पाण्याची भीती का वाटते हे कोडे त्यातून उलगडते. या वयाच्या आरंभी स्वतःचे शरीर सार्वजनिक ठिकाणी अचानक परके होणे म्हणजे काय, हे केस्लरने तलावाच्या प्रसंगात फार नेमके पकडले आहे. पाण्यात गेले की शेपूट, बाहेर आले की पाय, असा नियम मात्र एकदा ठरला की रूपांतराला किंमत उरत नाही. टेरा लिन चाइल्ड्सच्या ‘फर्गिव्ह माय फिन्स’ (२०१०) मध्ये हा नियम थट्टेच्या अंगाने जातो. फ्लोरिडातील एका शाळेत शिकणारी अर्धी-मत्स्यकन्या राजकुमारी अठराव्या वाढदिवसापूर्वी जोडीदार निवडण्याच्या सक्तीत सापडते आणि चुकीच्या मुलाच्या चुंबनाने बांधली जाते. कादंबरी खेळकर आहे, संवाद चटपटीत आहेत. परंतु मुलीच्या वारसाहक्काला लग्नाची अट घालणारा तो कायदा मुळात कोणी आणि का केला, हा प्रश्न कथेच्या वाटेत पुन्हा पुन्हा येऊनही लेखिका त्याला वळसा घालून जाते.

जेनिफर डॉनेली हिची ‘वॉटरफायर’ मालिका (२०१४ ते २०१६, चार भाग) अधिक महत्त्वाकांक्षी आहे. येथे माणसांचे जग जवळजवळ वगळलेले असून समुद्राखालची राज्ये, भाषा, इतिहास, राजकारण यांचे एक सलग विश्व उभे केले आहे. सर्व जादू गाऊन करायची असते. सहा मुलींपैकी आर्क्टिकमधील ॲस्ट्रिड हिला मात्र गाता येत नाही आणि ती ते लपवून ठेवते. ज्या समाजात गाणे हेच सामर्थ्य आहे तिथे गाणे नसलेल्या मुलीचे काय होते, ही कल्पना मालिकेतील सर्वांत मोलाची. घटनांच्या धावपळीत तिच्या वाट्याला जेवढी जागा यायला हवी होती तेवढी येत नाही. भारतीय वाचकाचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे जाईल : हिंदी महासागरातील ‘मताली’ राज्याची राजकन्या नीला आणि तिचा चुलतभाऊ, युवराज माहदी. नावांची ही सरमिसळ दुरून पाहिलेल्या पूर्वेची आहे, समुद्रतळाची नाही.

५

याच पार्श्वभूमीवर सारा पोर्टर हिची ‘लॉस्ट व्हॉइसेस’ (२०११) ही कादंबरी वेगळी उठून दिसते. तिचे पुढील दोन भाग २०१२ आणि २०१३ मध्ये आले. चौदा वर्षांची ल्यूस अलास्काच्या एका किनारी वस्तीत काकाच्या आश्रयाने राहते. वडील समुद्रात बेपत्ता झालेले आहेत. कड्यावर काका तिच्यावर अत्याचार करू पाहतो, ती खाली कोसळते आणि पाण्यात तिचे रूपांतर होते. लवकरच कळते की तिथल्या सर्वच मत्स्यकन्या अशाच प्रकारे आलेल्या आहेत. माणसांनी टाकलेल्या, मारलेल्या, विटाळलेल्या मुलीच तेवढ्या समुद्रात जातात. प्रत्येकीभोवती एक काळसर झळाळी असते आणि तिच्यात नीट पाहिले तर त्या मुलीवर काय गुदरले ते दिसते. बोलून सांगता न येणारी गोष्ट येथे दृश्य झाली आहे. आवाज मात्र दुसऱ्याच कामासाठी आहे : या मुली गाऊन जहाजे खडकांवर आणतात आणि कोणालाही जिवंत सोडायचे नाही हा त्यांचा मानाचा नियम आहे.

पोर्टरने सायरेन आणि अँडरसनची राजकन्या यांना पुन्हा एकत्र आणले आहे. पण सांधा बदलला आहे. अँडरसनमध्ये सुरी हातात आलेली मुलगी ती फेकते. पोर्टरच्या मुली सुरी चालवतात, रोज चालवतात, आणि त्यात त्यांना आनंद आहे. वाचकाला सहानुभूती वाटते ती खुनी मुलींविषयी. कादंबरी ही अडचण टाळत नाही. बुडणाऱ्या जहाजावरची माणसे अत्याचारी नाहीत, ती नुसती माणसे आहेत, हे ल्यूसला दिसते. आणि तरीही तिचे स्वतःचे गाणे सर्वांत समर्थ आहे. या गाण्याने मारण्याखेरीज आणखी काही करता येईल का याचा शोध ती एकटी असताना, रात्री, पाण्याला आकार देऊन पाहत घेते. ट्राइट्स यांच्या परिभाषेत सांगायचे तर कुटुंबाच्या सत्तेतून सुटलेली मुलगी मैत्रिणींच्या टोळीच्या सत्तेत सापडते. या टोळीचे राणीपद, त्यासाठीची चुरस आणि तिच्यातली क्रौर्ये कोणत्याही वसतिगृहाला परिचित वाटतील अशी आहेत. पुढील भागांत संघर्ष शासनापर्यंत जातो तेव्हा कादंबरीची घट्ट वीण सैल होते. पहिल्या भागातील एकलकोंडेपणाची खोली तिथे नाही.

तरीही एक गोष्ट या त्रयीला बाकीच्यांपासून वेगळी काढते. येथे रूपांतर सहज परतवता येत नाही.  शिंपला नाही.

६

लुईज ओ’नील या आयरिश लेखिकेची ‘द सरफेस ब्रेक्स’ (२०१८) ही अँडरसनच्या कथानकाशी सर्वांत जवळून वाद घालणारी कादंबरी. पंधरा वर्षांची नायिका पित्याने दिलेल्या म्यूर्गन या नावाने ओळखली जाते. बालपणीच नाहीशी झालेल्या आईने तिला गाया हे नाव दिले होते. समुद्रराजा येथे प्रेमळ विधुर नसून मुलींना रूपावरून क्रम लावणारा हुकूमशहा आहे. तिचा वाग्दत्त वर तिच्याहून कितीतरी मोठा. ज्याच्यासाठी ती वर जाते तो ऑलिव्हर राजपुत्रही नाही. जहाजांच्या धंद्यातील श्रीमंत घरचा एक दुःखी, आत्ममग्न तरुण आहे. चेटकीण केटो हीच कादंबरीतील सर्वांत समंजस व्यक्ती ठरते. ओ’नीलने जीभ शिंपल्यात ठेवलेली नाही. ती कापली जाते. आणि पायांच्या वेदनेचे, रक्ताचे, सडण्याचे वर्णन वाचकाला नकोसे व्हावे इतके दीर्घ आहे. अँडरसनने एका उपमेत सांगितले ते येथे पानोपानी सोसावे लागते.

या कादंबरीच्या निमित्ताने निवेदनाचा एक प्रश्न पुढे येतो आणि तो सबंध प्रकाराला लागू आहे. अँडरसनची कथा तृतीयपुरुषी आहे. राजकन्या मुकी झाल्यावर निवेदक तिच्या वतीने बोलतो आणि राजपुत्राला जे कळत नाही ते वाचकाला सांगतो. कुमारवयीनांच्या कादंबरीचा प्रघात मात्र प्रथमपुरुषी निवेदनाचा आहे. गाया ही ‘मी’ म्हणून बोलते. जीभ कापल्यानंतरही ती बोलतच राहते. ऑलिव्हरच्या घरात ती गप्प आहे आणि वाचकाच्या कानात तिचे शब्द अखंड चालू आहेत. परिणामी मौन ही घटना कथाविश्वात घडते, संहितेत घडत नाही. वाचकाला तिचे मौन कधी अनुभवावे लागत नाही. फक्त इतरांना ती कळत नाही याचा राग अनुभवावा लागतो. हा राग कादंबरीच्या स्त्रीवादी भूमिकेला पूरक आहे आणि लेखिकेला तोच हवा आहे. पण अँडरसनच्या कथेतील एक भयंकर गोष्ट त्यात हरवते. तिथे राजकन्या नाचते आणि दरबार खूश होतो, त्या वेळी तिला नेमके काय वाटते हे वाचकालाही काठावरूनच कळते. दारात झोपणारी, गप्प, सुंदर मुलगी ही राजपुत्राप्रमाणे वाचकालाही काही अंशी अगम्य राहते, आणि त्यामुळे तिला न ओळखण्याच्या अपराधात तोही सामील होतो. प्रथमपुरुषी निवेदन वाचकाला या अपराधातून मोकळे करते. नायिकेच्या बाजूने उभे राहणे त्याला फार सोपे जाते.

ॲलेक्झांड्रा क्रिस्टो हिच्या ‘टू किल अ किंगडम’ (२०१८) मध्ये हीच सोय दुहेरी आहे. सतरा राजपुत्रांची हृदये जमवणारी सायरेन लिरा आणि तिला मारू पाहणारा एलियन आळीपाळीने निवेदन करतात. शिक्षा म्हणून माणूस झालेल्या लिराचे गाणे जाते, बोलणे राहते. आणि ते बोलणे धारदार आहे. कादंबरी वाचनीय आहे यात शंका नाही. मात्र सतरा खुनांचे ओझे प्रेमकथेच्या शेवटापर्यंत कुठे उतरवून ठेवले, हे सापडत नाही.

७

आवाज या कल्पनेला खरी नवी दिशा मिळाली ती कृष्णवर्णीय लेखिकांकडून. डिस्नेच्या नव्या चित्रपटात हॅली बेली ही कृष्णवर्णीय अभिनेत्री एरियल होणार असे २०१९ मध्ये जाहीर झाले तेव्हा बराच गदारोळ झाला, आणि २०२३ मध्ये चित्रपट येईपर्यंत तो पुरता शमला नव्हता. मत्स्यकन्या गोरीच असली पाहिजे हा आग्रह धरणाऱ्यांना पश्चिम आफ्रिकेतील मामी वाटाची उपासना आणि योरुबा परंपरेतील येमोजा ही जलदेवता ठाऊक नव्हती असे दिसते.

बेथनी सी. मॉरो हिच्या ‘अ साँग बिलो वॉटर’ (२०२०) मध्ये समुद्र जवळजवळ नाहीच. कथा ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात घडते. सायरेन असतात, सर्वांना ठाऊक असतात, आणि त्या फक्त कृष्णवर्णीय स्त्रिया असतात. टाव्हियाला आपण सायरेन असल्याचे लपवावे लागते; घशात दाटून येणारी हाक थोपवताना ती मैत्रिणीशी, एफीशी, हातांच्या खुणांच्या भाषेत बोलते. आवाज गमावणे हा येथे जादूचा करार नसून रोजचा सराव आहे. पोलीस गाडी थांबवतात त्या प्रसंगी कोणत्या स्वरात बोलावे, किती बोलावे, गप्प राहणे धोक्याचे की बोलणे, हा तिच्यापुढचा पेच कोणत्याही अमेरिकन वाचकाला अद्भुत वाटणार नाही. शेपटीच्या जगात न जाता शेपटीचे जग माणसांच्या रस्त्यावर आणल्याने जे साधते ते असे. कादंबरीतील इतर अद्भुत प्राण्यांची गर्दी या सूत्राला मारक ठरते हे मात्र नमूद केले पाहिजे.

नताशा बोवेन हिची ‘स्किन ऑफ द सी’ (२०२१) याच्या अगदी उलट, समुद्रावर आणि पंधराव्या शतकात आहे. सिमिडेले ही येमोजाने घडवलेली मामी वाटा. गुलामांच्या जहाजांवरून जे मेलेले समुद्रात फेकले जातात त्यांचे आत्मे गोळा करून त्यांना प्रार्थनापूर्वक परत पाठवणे हे तिचे काम. ती स्वतःही पूर्वी अशीच जहाजावरून समुद्रात गेलेली मुलगी आहे. तिचे आधीचे आयुष्य तिला तुटक आठवते. एके दिवशी फेकलेला मुलगा, कोला, जिवंत निघतो. ती त्याला वाचवते आणि तेथेच नियम मोडला जातो.

या कादंबरीत एक विलक्षण गोष्ट घडली आहे आणि ती योगायोगाने घडली असण्याचा संभव कमी आहे. १९८९ पासून या कथाबीजातून हद्दपार झालेला आत्मा परत आला आहे. पण तो मत्स्यकन्येला हवा असलेला आत्मा नाही. तो मेलेल्यांचा आहे, आणि तिने तो वाहून न्यायचा आहे. माणसावर प्रेम केल्यास फेस होण्याची अँडरसनची शिक्षाही येथे कायम आहे. मात्र फेस झाली तर बुडालेल्यांना कोण परत पाठवणार, हा प्रश्न तिच्या वैयक्तिक दुःखापेक्षा मोठा होतो. समुद्र हा अँडरसनच्या नायिकेला कंटाळवाणे घर होता. बोवेनच्या नायिकेला तो दफनभूमी आहे. रिव्हर्स सॉलोमन यांची ‘द डीप’ (२०१९) ही लघुकादंबरी प्रौढांसाठीची असली तरी तिचे नाव येथे घ्यायला हवे, कारण गुलामजहाजांवरून फेकलेल्या गर्भवती स्त्रियांच्या जलचर वंशजांची ती कथा याच दफनभूमीतून उगवली आहे. बोवेनच्या कादंबरीचा मध्य, जंगलांतील प्रवास आणि अंगठ्यांचा शोध, ठराविक साहसकथेच्या वळणाने जातो आणि तिथे तिचा वेग असूनही पकड सुटते. आरंभीची जहाजाखालची पाने मात्र या सबंध प्रकारातील उत्तम पानांत गणावी लागतील.

८

मराठी अभ्यासकाला या साऱ्याचा संबंध येतो तो प्रथम शब्दापाशी. ‘मत्स्यकन्या’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाला आठवते ती महाभारतातील सत्यवती, आणि १९६४ मध्ये रंगभूमीवर आलेले वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’. सत्यवती शब्दशः माशाची मुलगी आहे; शापाने मासळी झालेल्या अद्रिका अप्सरेच्या पोटी ती जन्मली. पण तिला शेपूट नाही. तिच्या देहावरची खूण गंधाची आहे. यमुनेच्या नावेत पराशराशी तिचा जो व्यवहार होतो त्यात देह बदलतो, दुर्गंधाचा सुगंध होतो. परंतु वाणी कोणी मागत नाही. उलट ती बोलून, अटी घालून, कौमार्य अबाधित राहील असे वचन घेऊन मगच संमती देते. अँडरसनच्या राजकन्येशी तिची तुलना करण्याचा मोह आवरायला हवा, कारण दोन्ही कथांतले प्रश्न भिन्न आहेत. तरी मुकेपणा हा पाण्यातल्या मुलीच्या कथेचा अपरिहार्य भाग नाही एवढे या तुलनेतून निश्चित कळते.

दुसरा शब्द ‘जलपरी’. तो मुलांच्या पुस्तकांतून आणि चित्रपटांतून रुळला आहे आणि त्यातील ‘परी’ फारसीतून आलेली आहे. सायरेन, उंडीन, मामी वाटा, एरियल या सर्वांसाठी अनुवादक हाच एक शब्द वापरतो. केस्लरच्या एमिलीला तो शोभतो. पोर्टरच्या मुलींना तो लावला तर त्यांच्याभोवतीची ती काळसर झळाळी पुसली जाते. मराठी लोकसमजुतीत पाण्यातल्या स्त्रियांसाठी आणखी एक शब्द आहे : आसरा. नदीच्या डोहाशी, विहिरीच्या काठी, एका ओळीत मांडलेल्या सात दगडांच्या रूपात साती आसरा पुजल्या जातात. त्यांची ओटी भरतात, आणि भर दुपारी त्या पाण्याजवळ लेकीसुनांना एकटे जाऊ देत नाहीत. भीती, दरारा, बाईच्या अंगात येणे, हे सारे त्या शब्दात आहे. ‘लॉस्ट व्हॉइसेस’चा कोणी मराठीत अनुवाद करायला घेतला तर त्याला हा शब्द खुणावेल. पण आसरा गात नाहीत, जहाजे बुडवत नाहीत, आणि त्यांचे पाणी गोडे आहे.